करवत दिवसातून तासभरच चालते

प्रश्न असा आला आहे: "साताऱ्यात राहतो, वय 26. स्वतःची चेनसॉ घेतली आहे. झाडांच्या छाटणीची, तोडणीची कामं घ्यायची आहेत. एका सोसायटीनं गेटजवळच्या जुन्या गुलमोहराचं काम देऊ केलंय. या धंद्यात रोजच्या अडचणी काय येतात, घर चालतं का, आणि आणखी कोणती मशीन घ्यावी?"

वयानं तू माझ्या थोरल्या मुलाएवढा, म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. बावीस वर्षं हेच करतोय. सातारा शहर, कोरेगाव, वाई, अधूनमधून पाचगणी, कधी कराडपर्यंत. त्याआधी चुलत्यांच्या जळणाच्या वखारीवर बसायचो. त्यामुळे मेलेलं लाकूड ओळखीचं होतं, जिवंत झाड ओळखायला पुढची दहा वर्षं गेली.

तुझ्या प्रश्नाची सुरुवात मशीननं आणि शेवटही मशीननं. आठ तासांच्या दिवसात माझी मशीन सगळी मिळून तासभर चालते. बाकीचे सात तास दोर लावणं, उतरवणं, तुकडे करणं, ओढणं, भरणं, झाडणं, शेजाऱ्याची समजूत काढणं, वायरमनची वाट बघणं. गिऱ्हाइकाला दिसतो तो एक तास आणि तो त्याचेच पैसे मोजतो. खर्च मात्र त्या सात तासांत होतो.

एक काम उघडून दाखवतो. शाहूपुरीतला एक बंगला, मागच्या अंगाला तीस-पस्तीस फुटी पिवळा गुलमोहर, फांद्या शेजारच्या गच्चीवर गेलेल्या. मी 14,000 सांगितले, मालकांनी घासाघीस केली नाही. मनात म्हटलं, आज दिवस चांगला. चढणाऱ्याची हजेरी 1,500, खालचे तीन गडी 700 प्रमाणे 2,100, टेम्पोच्या दोन खेपा 3,000, पेट्रोल-ऑइल 600, चहा-नाष्टा 400. झाले 7,600. कापणी दुपारी दोनलाच उरकली. पण मागून रस्त्यापर्यंत यायला तीन फुटांचा बोळ, त्यात पाण्याची टाकी, तुळशीवृंदावन आणि बांधलेलं कुत्रं. प्रत्येक फांदी चार-चार फुटांची करून डोक्यावरून न्यायची, आणि कुत्रं प्रत्येक खेपेला अंगावर यायचं. अंधार पडला तरी निम्मा पाला मागंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन गडी, 2,100, आणि टेम्पोची एक खेप, 1,500. त्यात पहिल्या दिवशी एक शेंडा झोका खाऊन शेजारच्या सोलरच्या काचेच्या नळ्यांवर बसला होता. तीन नळ्या आणि बसवणारा मिळून 2,500. एकूण 13,700. माझ्या दोन दिवसांचे उरले 300, आणि बोथट झालेल्या चेनचा हिशेब त्यात नाहीच.

तेव्हापासून झाड बघायला गेलो की मी आधी बोळ बघतो. फाटक किती फुटी, टेम्पो कुठवर येतो, खाली माती आहे की नवी फरशी, ड्रेनेजचं झाकण कुठं आहे, शेजारच्या गच्चीवर काय काय आहे. शाळेची वेळ, बाजाराचा वार, हेही विचारून घेतो. मोबाइलवर फोटो काढतो. आधीच तडा गेलेली कुंपणभिंत आणि फुटलेली कौलं यांचे तर नक्कीच, कारण संध्याकाळी तो तडा आपल्याच नावावर येतो. झाडाकडे मान वर करून बघायचं ते या सगळ्यानंतर.

दुसरी रोजची कटकट म्हणजे लाकूड. दहातले आठ जण म्हणणार, "आवो, एवढं लाकूड तुमालाच राहतंय की, वर पैसे कशाला?" यावर चिडू नकोस, त्यांना खरंच तसं वाटतं. बाभूळ, चिंच, कडुनिंबाचं जळण वखारीवर हातोहात जातं. आंब्याचा सरळ बुंधा असेल तर फळ्यांना घेतात. पण शहरात आपल्या वाट्याला काय येतं? गुलमोहर, पिवळा गुलमोहर, नारळ, तो उंच सरळसोट अशोक. यांना वखारवाला हातही लावत नाही. गुलमोहर ओला असताना दगडासारखा जड आणि वाळल्यावर भुश्शासारखा हलका. जे विकलं जातं तेही ओलं असतं, निम्मं वजन पाण्याचं, आणि वखारवाला भाव सांगताना ते पाणी वजा करतो. म्हणून मी कोटेशनला लाकडाची किंमत शून्य धरतो. मालकाला लाकूड हवं असेल तर ठेवू दे, उलट माझी एक खेप वाचते.

पाल्याची सोय मात्र आधी कर. सुबाभूळ, उंबर, वड, बाभूळ निघणार असेल तर शेळ्यावाल्यांना आदल्या दिवशी फोन जातो. ते सायकलवर, छोट्या टेम्पोत येऊन कवळा पाला फुकट उचलतात, माझी अर्धी खेप कमी. गुलमोहराला शेळी फारशी तोंड लावत नाही. पाला ओढ्याला टाकून द्यायचा मोह होईल. एकदा टाकलास की पहिल्या पावसात मोरीला अडकतो, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असतं कोणाचा टेम्पो होता. रानातलं लाकूड रस्त्यानं न्यायचं तर वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. काही जातींना सूट असते, पण नाक्यावर उभं राहून वाद घालण्यापेक्षा आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

आता वजनाचं. हे नीट वाच. फूटभर जाडीची, दहा फूट लांब ओली फांदी घे. घनफळ येतं साधारण 0.22 घनमीटर, आणि ओलं लाकूड घनमीटरला 900 ते 1,000 किलोच्या घरात असतं. म्हणजे नुसता दांडा 200 किलो, सिमेंटची चार पोती. पाला आणि पुढच्या डहाळ्या निराळ्या. हे ओझं तुझ्या दोरावर अलगद आलं तर 200 किलो असतं, पण पाच-सहा फूट मोकळं पडून झटक्यात आलं तर त्याच्या कितीतरी पट होतं. दोर तुटतो तो या झटक्यानं. त्यात प्रत्येक गाठ दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी करते. उन्हात दोन वर्षं पडलेला नायलॉन वरून चकचकीत दिसला तरी आतून भुगा झालेला असतो. दोर बोटांनी उकलून आतला पीळ बघायचा, पांढरी पूड हाताला लागली तर तो दोर म्हशीला बांध.

उतरवताना दोर कापायच्या जागेच्या वरच्या, जाड, जिवंत बेचक्यातून घ्यायचा. खाली तो बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरायचा. वेढ्यांची घर्षणं ओझं पेलतात, माणूस फक्त सोडत जातो. सोडणारा गडी अनुभवी हवा. नवखा दोर गच्च धरतो, फांदी झटका खाते, वरचा माणूस झाडासकट हलतो. आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. मी रोज सकाळी हे सांगतो आणि रोज कोणीतरी गुंडाळतोच, कारण पकड घट्ट वाटते. फांदी सुटली की ती पकडच माणसाला बुंध्यापर्यंत ओढत नेते.

दोर चांगला असला तरी तो बांधला आहे ते झाडच पोकळ असेल तर काय? म्हणून चढण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी. कोयत्याच्या पाठीनं ठोकत जा, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक आठवड्याभरात कानाला कळतो. बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखं कडक भूछत्र दिसलं तर आत कुजकं आहे असंच समज. झाड जिकडे झुकलंय त्याच्या उलट बाजूला जमिनीला भेग पडली असेल तर मुळं उचलली जाताहेत. पोकळीचा एक ठोकताळा आहे: बुंध्याच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी तरी भरीव भिंत चहूबाजूंनी हवी. दोन फूट जाडीचा बुंधा असेल तर त्रिज्या एक फूट, म्हणजे चार इंच धड लाकूड. त्याहून कमी असेल, किंवा एका बाजूनं ढोली उघडी असेल, तर मी गडी वर चढवत नाही, शिडीची गाडी मागवतो. गाडीचं भाडं ऐकून गिऱ्हाईक गेलं तर जाऊ देतो.

शहरातल्या बुंध्यात आणखी एक भानगड असते, लोखंड. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, गिळलेलं ट्री-गार्ड, कधीकाळी बांधलेली कपड्यांची तार. वरून साल भरून येते, काही दिसत नाही. मशीनची चेन एका खिळ्यात संपते. मी एक दिवसात दोन चेन घालवल्यात, एकाच चिंचेत. आता माणसाच्या छातीच्या उंचीखाली कापायचं असेल तर जुनी चेन लावतो.

गिऱ्हाइकाशी सगळ्यात जास्त वाद कशावरून होतो, तर कापायचं किती यावरून. त्याला हवं असतं मुंडण. "सगळं वरनं उडवा, पाच वर्षं बघायला नको." मुंडण केलेलं झाड वर्षभरात झाडूसारखं फुटतं. ते फुटवे सालीलगतच्या लाकडाला चिकटलेले असतात, आतून रुजलेले नसतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते मनगटाएवढे जाड होतात आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मुळासकट उपटल्यासारखे निखळतात. शिवाय वरच्या उघड्या खुंटांतून पाणी आत शिरतं आणि बुंधा वरून खाली कुजत येतो. एका हंगामात जिवंत पानोऱ्याच्या पाव हिश्श्याहून जास्त काढू नये, हे मी पाळतो. पण खरं सांगायचं तर पहिली चार-पाच वर्षं मीही मुंडणं केली. पोट होतं, आणि माहीतही नव्हतं. एका शाळेच्या आवारातली माझ्या हातची तीन झाडं आज उभी नाहीत. त्या रस्त्यानं जाताना अजून नजर तिकडे जाते.

कापायची रीत एवढी लक्षात ठेव. जड फांदी बुंध्याशी एका घावात कापली तर ती खाली जाताना बुंध्याची साल हातभर सोलून नेते. म्हणून बुंध्यापासून फूटभरावर आधी खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काप, मग त्याच्या दोन-तीन बोटं पुढं वरून काप. फांदी तुटून पडेल, खुंट राहील. मग तो खुंट काढायचा, पण बुंध्याला घासून नाही. फांदी जिथून निघते तिथं सालीची एक फुगीर वळी असते, माणसाच्या मानेवर असते तशी. ती शाबूत ठेवून तिच्या बाहेरून कापायचं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड आत भिंती घालून कुजकं लाकूड कोंडतं आणि वरून नवं लाकूड गुंडाळतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो बुंधे उभे चिरून हे दाखवलं. ती वळी कापली की भिंत घालणारी जागाच गेली. वरून डांबर, ऑइलपेंट फासायचा आग्रह मालक करतात. डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागेत मोरचूद-चुन्याची बोर्डोपेस्ट लावतात ती त्या पिकाच्या रोगांसाठी. रस्त्यावरच्या झाडाला धारदार, स्वच्छ काप पुरतो.

वेळेचंही तसंच. बरीच झाडं डिसेंबर ते फेब्रुवारीत छाटलेली बरी, हवा कोरडी, बुरशी कमी. फोन मात्र येतात मे महिन्यात, पहिला वळीव पडून शेजारच्या गल्लीतलं झाड गाडीवर कोसळलं की. मेमध्ये मला जेवायला वेळ नसतो आणि ऑगस्टमध्ये काम नसतं. घर चालतं का, विचारलंस ना? चालतं, पण मेच्या पैशावर ऑगस्ट काढता आला तर. पावसाळ्यात मी दोर आणि हार्नेस, म्हणजे चढणाऱ्याच्या अंगाला बांधायचे पट्टे, यांची दुरुस्ती, नारळ उतरवणं आणि पडलेल्या झाडांची कामं करतो. नारळाचं एक लक्षात ठेव: त्याला एकच कोंब, तो छाटला की झाड मेलं. आणि बुटांना खिळे लावून नारळावर चढायचं नाही. त्या भोकांच्या वासानं सोंड्या भुंगा येतो आणि नारळाच्या खोडाची जखम भरत नाही. जिवंत ठेवायच्या कुठल्याच झाडावर खिळ्यांचे बूट वापरू नयेत, तोडायच्या झाडावर चालतात.

वर चढल्यावर जे भेटतात त्यांच्याबद्दल. आग्या मोहोळ असेल तर काम पुढं ढकल, चर्चा नाही. मशीनच्या आवाजानं आणि हादऱ्यानं ते उठतं, आणि दोराला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. पाऊस लागला की बगळे, ढोकरी, पाणकावळे चिंचेवर, वडावर वस्ती करतात. घरट्यात पिल्लं असताना फांदी पाडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि बघवतही नाही. एका एप्रिलमध्ये सदरबझारात एका जुन्या झाडाची वाळकी फांदी काढायची होती. चढणारा वर गेला आणि हळूच म्हणाला, "आण्णा, ढोलीला कुणीतरी लिंपलंय." खरंच मातकट लिंपण होतं आणि मध्ये बोटभर फट. आम्ही खाली बसून बिडी-चहा केला. वीस मिनिटांत राखी धनेशाचा नर उंबराची फळं घेऊन आला, फटीतून चोच बाहेर आली, एकेक फळ आत गेलं. मादी स्वतःला आत कोंडून घेते, पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. मालकांना वर बोलावून दाखवलं, ते खूश. जूनअखेरपर्यंत थांबलो. हजेरी माझ्या खिशातून गेली, पण त्या घरानं पुढं मला चार कामं दिली.

परवानगीशिवाय काम घेऊ नकोस, मग मालक कितीही मोठा असो. पालिका हद्दीत 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. अर्ज झाडाच्या मालकानं करायचा, तू नाही. त्या कायद्यात 'तोडणे' या शब्दात जाळणं आणि झाडाला कुठलीही इजा करणंही येतं, त्यामुळे मुंडण करून "नुसती छाटणी केली" म्हणता येत नाही. कुणीतरी हळूच सांगेल, "तोडू नका, नुसतं मुळाशी अ‍ॅसिड टाका, आपोआप वाळंल." तेही त्यातच बसतं. गुन्ह्याला दंड आहे, कैदही आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. हद्दीबाहेर, रानात, 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, हिरडा, खैर, चंदन अशी झाडं येतात. बांधावरचा आंबा स्वतःचा असला तरी सातबारा जोडून वनविभागाकडे अर्ज करावा लागतो. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं सिल्व्हर ओकची फांदी काढायलाही मी कागद बघितल्याशिवाय मशीन गाडीतून काढत नाही. परवानगीची प्रत खिशात ठेव. मशीनचा आवाज झाला की पाच मिनिटांत कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत येतो. त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, कागद दाखवायचा आणि चहा विचारायचा. झाडासाठी लोक उभे राहतात ही आपल्याला त्रासाची गोष्ट वाटते, पण वाईट नाही. मिरज तालुक्यातल्या भोसे गावच्या जुन्या वडासाठी 2020 मध्ये लोक उभे राहिले आणि महामार्गाची आखणी बदलली.

वड, पिंपळ, उंबर यांना हात लावायला गडी तयार नसतात. पिंपळावर मुंजा आणि उंबरात दत्त. अमावस्येला तर कुठलंच झाड नको म्हणतात. मी वाद घालत नाही. नारळ फोडतो, हळदकुंकू लावतो, मालकाच्या हातानं पहिला घाव घालून घेतो. ज्याचं मन लागत नाही त्याला वर पाठवायचा नाही, कारण काहीही असो. अमावस्येला मशीनच्या दुरुस्तीची कामं काढतो.

तारांजवळच्या फांदीला हात लावण्याआधी महावितरणकडून लाइन बंद करून घ्यायची आणि वायरमन समोर हजर हवा. फोनवर "बंद केलीय" यावर माणूस चढवायचा नाही. लाइन बंद असली तरी कुणाच्या घरातल्या जनरेटरचा, इन्व्हर्टरचा उलटा प्रवाह तारेत येऊ शकतो, म्हणून वायरमननं तार अर्थिंग केल्याशिवाय आम्ही शिडीही लावत नाही. ओली फांदी, ओला दोर, अ‍ॅल्युमिनियमची शिडी, तिन्हीतून वीज जाते.

गडी टिकवणं हा कायमचा घोर. ऑक्टोबरात द्राक्षछाटणीला तासगाव-मिरजेकडे हजेरी चांगली मिळते, मग उसाचा हंगाम. चढणारा चांगला असेल तर त्याला बारमाही बांधून ठेव, काम नसलेल्या दिवशीही निम्मी हजेरी दे. सकाळी तोंडाला वास आला तर त्याला त्या दिवशी खालीही काम नाही, हजेरी देऊन घरी पाठव. एकदा संकोचापोटी मी हे केलं नाही. तो दहा फुटांवरून पडला, मनगटावर निभावलं. दवाखान्याचा खर्च मी केला आणि करायलाच हवा होता, कायद्यानं तुझ्या कामावर जखमी झालेल्याची जबाबदारी तुझी. कर्मचाऱ्यांचा विमा आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, दोन्ही घे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण आहे, प्रत्येक गड्याच्या खात्यातून ते जातंय ना ते मे महिन्यात बघ, 1 जूनला नूतनीकरण होतं. माझी स्वतःची कमाई म्हणशील तर उजव्या हाताची दोन बोटं. हिवाळ्यात सकाळी ती पांढरी पडतात, मुंग्या येतात, चहाचा कप धरवत नाही. बावीस वर्षांचे हादरे. हातमोजे आणि कानाला मफ पहिल्या दिवसापासून वापर, मी दहाव्या वर्षी घेतले.

पैशांचं थोडक्यात. निम्मे आगाऊ, निम्मे टेम्पो निघण्याआधी. सोसायटी किंवा शाळा असेल तर बिल 30,000 च्या वर गेलं, किंवा वर्षाचं मिळून 1 लाखाच्या वर, की एक टक्का टीडीएस कापतात. पॅन दिला नाहीस तर वीस टक्के. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून घे. तिच्या जोरावर 45 दिवसांत पैसे मागायचा कायदेशीर हक्क मिळतो. मी तो कधी वापरला नाही, पण बिलावर नोंदणी क्रमांक छापल्यापासून फोन लवकर उचलले जातात.

मशीन. तुझ्या मशीनची पट्टी, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती, सोळा इंची असेल तर पुरे. दुसरी मोठी भाड्यानं मिळते. त्या पैशांत धड हार्नेस, हेल्मेट, पायाला चेन अडवणारी पँट आणि ओढताना कापणारी वाकडी हातकरवत घे. मनगटाएवढ्या फांद्या आम्ही वर हातकरवतीनंच काढतो, मशीनपेक्षा लवकर होतं. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नकोस, मशीन उसळून तोंडावर येते. मिश्रण लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे महिन्याभराचं मिश्रण डब्यात ठेवू नकोस आणि आठ दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालव. चेनला दर टाकीनंतर कानस मारायची. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की चेन बोथट झाली, धार असताना लांब किसासारखा पडतो.

राहिला तुझा गुलमोहर. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आणि सोसायटीच्या गेटपाशी आहे म्हणजे बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक असणार. आधी अध्यक्षांकडून परवानगीचा अर्ज करवून घे. मग एक दिवस नुसता जाऊन चारही बाजूंचे दोन-दोन ब्लॉक उचलून बघ, पाइपलाइन टाकताना एखाद्या बाजूची मुळं तोडली गेलीत का. तोडली असतील तर वरचा भार त्या बाजूला कसा आहे ते बघून मगच छाटणी की तोडणी ते ठरव, आणि लेखी दे. कोटेशनवर 'पाला व फांद्या उचलण्यासह' की 'वगळून' हे ठळक लिही, आणि 'सह' लिहिणार असशील तर आधी त्या गेटमधून टेम्पो आत येतो का ते बघून ये.